प्रो. प्रा.च्या पुढचं नाव

चांदवडच्या बसस्थानकाकडून गावात शिरताना दुकानांच्या पाट्या वाचायची मला जुनी खोड आहे. लेडीज टेलर, गृहउद्योग, ब्युटी पार्लर, साडी सेंटर. नाव बहुतेक देवाचं, नाहीतर मुलाचं. त्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रो. प्रा.’ आणि पुढे एका पुरुषाचं नाव, मोबाइल नंबरासकट. आत डोकावावं तर मशीनवर बाई बसलेली. कात्री तिच्या हातात, टेप तिच्या गळ्यात, गिऱ्हाइकं तिच्या ओळखीची आणि ब्लाउज बिघडला तर बोलणीही तिलाच. प्रो. प्रा. त्या वेळी कुठे असतात? कोणी शेतात, कोणी पिंपळगावला कामावर, कोणी चौकात. एका दुकानाचे प्रो. प्रा. वारून सहा वर्षं झाली होती. पाटी तशीच होती. ‘चांगली आहे की, कशाला खर्च करायचा,’ असं बाई म्हणाल्या.

पुढच्या पानांवर चांदवड तालुक्यातल्या वीसेक जणी आपापल्या धंद्याबद्दल बोलल्या आहेत. कोणी डबे करते, कोणी कुरडया-पापड विकते, कोणी मिरची कांडप चालवते, एकीची पिठाची गिरणी आहे, दोघी-तिघी नवरात्रात रेणुकादेवीच्या पायथ्याशी खण-नारळाचं दुकान मांडतात आणि उरलेलं वर्ष दुसरं काहीबाही करतात. एकीचंही नाव छापलेलं नाही. हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिला आक्षेप यावरच घेतला. बायकांच्या कामाला नाव मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुस्तकानं त्यांची नावं गाळावीत? उत्तर आलं, त्यांनीच नको म्हटलं. कारणं विचारली तेव्हा माझा आक्षेप हळूहळू गळून पडला. एकीनं घरात न सांगता भिशी लावलेली आहे. एकीचा हप्ता थकलाय. एकीच्या सासूबाईंची समजूत आहे की सून ‘बसल्या बसल्या’ शिवते. महिन्याची कमाई पुस्तकात छापून आली तर ते बसल्या बसल्या राहणार नाही, घरात तिचा हिशेब मागितला जाईल. या तीन कारणांत सगळं पुस्तक आहे असं मला वाटतं. प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो त्यामुळेच.

चांदवड हे तसं पैशाच्या ओळखीचं गाव. होळकरशाहीत इथे टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दख्खनेत चालायचा. अहिल्याबाईंचा रंगमहाल अजून उभा आहे. अहिल्याबाईंचं नाव घेतलं की आपण घाट, बारवा, देवळं मोजायला लागतो. तो पैसा कुठल्या खात्यातला होता हे फारसं कोणी विचारत नाही. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळं उत्पन्न लावून दिलं, त्याला खासगी म्हणत. दौलतीचा खजिना निराळा, खासगी निराळी. ही खासगी पुढे अहिल्याबाईंकडे आली आणि त्यांच्या बऱ्याचशा धर्मकार्याचा खर्च तिच्यातून झाला. बाईच्या नावे उत्पन्न असलं की ती काय करून दाखवते याचा दाखला शोधायला लांब जायला नको. पण पुण्यतिथीच्या भाषणात त्यांची भक्ती येते, न्यायबुद्धी येते, साधी राहणी येते. खासगीचा उल्लेख मी अजून एकाही भाषणात ऐकलेला नाही.

दुसरा दाखला याच गावचा, अलीकडच्या काळातला. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं. बायका लाखांच्या संख्येनं आल्या. एसटीनं, ट्रकनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून, फडक्यात स्वतःच्या भाकरी बांधून. माझी मावशी अशाच एका ट्रॉलीत होती. तिला भाषणांतलं फारसं आठवत नाही. आठवते ती गर्दी, आणि घरातून दोन दिवस बाहेर राहिल्यावर परत गेलं की काय होईल याची धास्ती. ‘काहीच झालं नाही,’ ती सांगते, ‘म्हशीनं मात्र दूध चोरलं होतं.’ अधिवेशनासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी जी मांडणी केली ती ‘चांदवडची शिदोरी’ या नावानं प्रसिद्ध आहे. बाईचं दुय्यमपण कुठून आलं याची त्यांची उपपत्ती वादाची आहे, मला स्वतःला ती सगळी पटत नाही. पण चांदवडनंतर तीन-चार वर्षांत त्यातून निघालेला लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मात्र अगदी तलाठी कार्यालयाच्या पायरीपर्यंत पोचलेला होता. घरच्या जमिनीतला एक तुकडा नवऱ्यानं बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील त्या गावाला शरद जोशी स्वतः जाणार. मग १९९२ मध्ये शासनानंही परिपत्रक काढलं आणि नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची वाट मोकळी केली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. केंद्राचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, २००५ मध्ये आला. कायद्यांची रांग लावायची तर मोठी आहे. ज्या गावानं हा प्रश्न देशापुढे मांडला त्या गावच्या पेठेत आज काय दिसतं, एवढ्यापुरती ती इथे आणली.

दिसतं असं की कायदा शेतापर्यंत अर्धामुर्धा गेला, गाळ्यापर्यंत गेलाच नाही. गाळ्याचा भाडेकरार नवऱ्याच्या नावे. विजेचं मीटर सासऱ्यांच्या नावे. शॉप अ‍ॅक्टचं लायसन दिराच्या नावे, कारण अर्ज भरायला तो गेला होता. आणि यात कोणाचा कावा असतोच असं नाही. ज्याच्याकडे कागद आधीपासून असतात त्याच्या नावावर नवा कागद पटकन होतो, इतकंच. पण असे दहा कागद झाले की ज्या धंद्यात बाईचे हात सोडून काहीच बाईचं नाही असा धंदा तयार होतो.

कर्जाचं घ्या. मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये आली. शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत, आणि तारण मागायचं नाही असा नियम. देशभरातल्या मुद्रा खात्यांपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास खाती बायकांची आहेत, आणि हा आकडा प्रत्येक भाषणात ऐकू येतो. त्यातली बहुतेक शिशु गटातली आहेत हे सांगायला भाषणात वेळ उरत नाही. पन्नास हजारांत काय येतं? पिको-फॉलचं मशीन येतं, अस्तराचे तागे येतात. बाई मशीनवर बसलेली असते तिथेच राहते. दुसरं मशीन, हाताखाली एक मुलगी आणि रस्त्यावरचा गाळा असं गणित मांडायचं झालं तर रक्कम किशोर गटात जाते, आणि तिथे साहेब तोंडी विचारतो की घर कोणाच्या नावावर आहे. कागदावर तारण नाही. तोंडी मात्र आहे. पुस्तकातल्या एका बाईला एका बँकेत चार वेळा जावं लागलं. पहिल्यांदा कोटेशन आणा म्हणाले, दुसऱ्यांदा जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचं आणा म्हणाले, तिसऱ्यांदा साहेब रजेवर होते, चौथ्यांदा ‘मिस्टरांना घेऊन या’. ती पाचव्यांदा गेली नाही. ‘मिस्टरांना घेऊन गेले असते तर दिलं असतं त्यांनी,’ ती सांगते, ‘पण मग ते मिस्टरांचंच झालं असतं ना.’ तिच्या हट्टीपणाची संपादकांनी थोडी कीव केली आहे. मी करणार नाही.

बँकेचं दार असं अर्धवट लागलेलं असलं की दुसरं दार उघडतं, आणि ते घरापर्यंत चालत येतं. फायनान्स कंपनीचा माणूस, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, मोटारसायकलवर येतो. बायका त्याला ‘सर’ म्हणतात, तो त्यांना ‘मॅडम’. ओट्यावर मीटिंग होते, गट होतो, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज ते सूक्ष्मकर्ज, आणि कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नये. नियम शहाणा आहे. पण व्याजदरावरची कमाल मर्यादा त्याच नियमांनी काढून टाकली. सरकारी बँकेपेक्षा इथलं व्याज कितीतरी जास्त असतं हे बायकांना चांगलं माहीत असतं, कोणी त्यांना फसवलेलं नसतं. पोरगा ‘मिस्टरांना आणा’ म्हणत नाही, कोटेशन मागत नाही, एवढ्यासाठी त्या जास्तीचं व्याज भरतात. आपल्या नावावर कर्ज मिळण्याची ही किंमत आहे असं मी म्हणेन. आणि यातली गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की तिच्या नावावर घेतलेल्या कर्जातून पुष्कळदा बोअर मारली जाते, मुलाची फी भरली जाते, मोटारसायकलचं डाउन पेमेंट जातं. हप्ता मात्र ब्लाउजच्या शिलाईतून फिटतो.

याला दुसरी वाट नाही असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, चांदवडपेक्षाही कोरड्या माण तालुक्यात, चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. सुरुवात एका लोहारकाम करणाऱ्या, उघड्यावर संसार करणाऱ्या बाईपासून झाली. पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायला तिला पैसे साठवायचे होते आणि एकही बँक तिचं बचत खातं उघडेना. स्वतःची बँक काढायची म्हटलं तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येकींचे अंगठे होते. त्या गावी परतल्या, अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचं गणित तोंडी घालून बघा, असं आव्हान त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना दिलं. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ही बँक बाजारात बसलेल्या बाईकडे रोजची रक्कम गोळा करायला जाते, कारण रोज कमावणाऱ्या बाईला महिन्याचा हप्ता म्हणजे महिनाभर पैसे घरात लपवून ठेवायची शिक्षा असते. बँकेचं वेळापत्रक बाईच्या गल्ल्यावरून ठरलं. उलटं झालं नाही.

लिज्जतचं नाव मी मुद्दाम उशिरा घेतोय. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट बायकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जाते आणि ऐकणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर ‘आम्हीच कमी पडलो’ असा भाव येतो. लिज्जतमागे मुंबई होती. दाट वस्ती, नळाचं पाणी, पापड विकत घेणारं मध्यमवर्गीय घर, आणि घराबाहेर पडून केंद्रावर पीठ आणायला जायची मुभा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं त्यामागे गिरणीत जाणारे, डब्यावर जेवणारे हजारो पुरुष होते. गोष्ट सांगताना जागाही सांगायला हवी.

चांदवडच्या जागेची गोष्ट पाणी, कांदा आणि ऊन यांची आहे. कुरडई उदाहरणाला घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं, आधण ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं आणि चीक ओतून हाटायचा. हे हाटणं एकटीचं काम नाही. एकीनं ओतायचं, दुसरीनं घुटायचं, नाहीतर गाठी होतात. गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्हं चढायच्या आत घालून मोकळं व्हायचं. सातमाळा डोंगररांगेच्या या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये ऊन भरपूर आणि पाणी नाही. गव्हाला रोज बदलायचं पाणी कधी टँकरचं असतं, कधी शेजारणीच्या हंड्यातलं. ती कुरडईचा भाव काढते तेव्हा गहू धरते, गॅस धरते, पिशवी धरते. पाणी धरत नाही, कारण ते मागून आणलेलं. स्वतःचे चार दिवस धरत नाही. ‘माझी कसली मजुरी, घरचंच तर काम.’ हाटायला बोलावलेल्या दुसरीचा रोज मात्र ती काटेकोर धरते.

आणि नेमकी ती दुसरी त्या दिवसांत मिळत नाही. उन्हाळ कांदा काढायचे तेच दिवस. बायकांच्या टोळ्या उक्त्यानं कांदे काढायला जातात, एकरावर भाव ठरतो, रोख पैसे मिळतात. कुरडईवालीला त्या भावाशी बरोबरी करता येत नाही. कित्येकदा ती स्वतःच सोऱ्या ठेवून कांद्याला जाते. वाळवणाचा हंगाम आणि कांद्याचा हंगाम एकमेकांच्या छातीवर बसलेले आहेत, ही गोष्ट मला या पुस्तकातून पहिल्यांदा कळली. मी याच भागातला, तरी. गृहउद्योगाच्या प्रशिक्षणवर्गात ही अडचण कधी शिकवली जाते का ते बघायला हवं. तिथे पॅकिंग शिकवतात, लेबल कसं असावं ते शिकवतात, शंभर रुपयांत वर्षाची फूड नोंदणी होते हेही सांगतात. हे सगळं उपयोगाचं आहे. पण एप्रिलमध्ये हाटायला बाई कुठून आणायची हे लेबलवर लिहिता येत नाही.

कांदा मजूर नेतो तसाच गिऱ्हाईकही नेतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. भाव कोसळले. ११ डिसेंबरला चांदवडलाच महामार्ग अडवला गेला, शरद पवार आले, आग्रा रोडवर वाहनांच्या रांगा लागल्या, टीव्हीवर ट्रॅक्टर दिसले. त्या आठवड्यात पेठेतल्या ब्लाउजवालीच्या वहीत काय झालं ते टीव्हीवर दिसायचं कारण नव्हतं. ठरलेली लग्नं झालीच, ब्लाउज शिवले गेलेच, पण पैसे ‘कांदे विकले की देऊ’ या बोलीवर. तिची वही मी पाहिलेली आहे. शाळेच्या जुन्या वहीची मागची पानं, नावापुढे रकमा, काही रकमांवर काट मारलेली, काहींवर नाही. लहान उद्योगाचे पैसे मोठ्या गिऱ्हाइकानं पंचेचाळीस दिवसांत द्यायला हवेत असा २००६ चा कायदा आहे. पण ब्लाउजवालीचं गिऱ्हाईक म्हणजे नणंदेची जाऊ. तिच्यावर कुठे दावा लावणार? शिवाय उधारी मागायला ती नवऱ्याला पाठवू शकत नाही, कारण तो गेला तर वसूल झालेली रक्कम त्याच्या खिशातून घरी येईल की नाही याची खात्री नसते. स्वतः गेली तर ‘एवढ्याशा पैशासाठी दारात आली’ असं होतं. आपण ज्याला भांडवलाची टंचाई म्हणतो त्यातलं बरंच भांडवल असं गावातल्या नातेवाइकांकडे पडलेलं असतं.

‘हातभार’ हा शब्द या पुस्तकात इतक्या वेळा आलाय की मी मोजायचं सोडून दिलं. ‘घराला थोडा हातभार.’ शब्द चांगला आहे, नम्र आहे, आणि घातकी आहे. हातभार लावणारा माणूस मुख्य नसतो. शेजारच्या येवल्यात पैठणी विणणारा विणकर म्हणवला जातो आणि त्याच्यासाठी कांड्या भरणारी बाई घरातलं माणूस म्हणवली जाते. कांडी भरली नाही तर धोटा रिकामा जातो, हे दोघांनाही माहीत असतं. सरकारी आकड्यांतही हातभाराची छाया पडते. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या आस्थापनांपैकी जेमतेम चौदा टक्के बायकांच्या मालकीच्या निघाल्या, आणि त्यातल्याही पाचांपैकी चार मोलानं माणूस न लावता चाललेल्या. उद्यम नोंदणीतलं अलीकडचं चित्र थोडं बरं आहे, एककं पाचात एक. पण उलाढालीतला त्यांचा वाटा सुमारे दहा टक्के. शिवाय पाटीवर नवऱ्याचं नाव असलेली दुकानं कुठल्या रकान्यात गेली, आणि उलट सवलतीसाठी बायकोचं नाव लावलेले नवऱ्याचे धंदे कुठल्या रकान्यात गेले, याचा विचार करायला लागलं की आकड्यांचा धीर सुटतो.

माझ्या मनात सगळ्यात रुतून बसलेली हकीकत एका डबेवालीची आहे. गावात १९२८ पासूनचा नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आहे. त्याच्या छायेत शाळा वाढल्या, मग अभियांत्रिकी आणि इतर महाविद्यालयं आली, बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहू लागली आणि घराघरांत मेस सुरू झाल्या. हिचीही तशीच. सकाळी पोळी-भाजी, संध्याकाळी वरण-भात, अमावास्येला पुरणपोळी. घरगुती सिलिंडरवर धंद्याचा स्वयंपाक करता येत नाही, धंद्याचा एकोणीस किलोचा परवडत नाही, म्हणून अर्धं काम चुलीवर. मुलं महिन्याला रोख द्यायची. ती रक्कम ज्वारीच्या डब्यात जायची आणि किती आहे हे फक्त तिला माहीत असायचं. त्या डब्याला पहिला धक्का ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बसला. पाचशेच्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या आणि नवऱ्यानं पहिल्यांदा बायकोची शिल्लक मोजली. (चांदवडच्या अधिवेशनाला त्याच आठवड्यात तीस वर्षं झाली होती. कोणाला आठवण होती असं वाटत नाही.) तरी डबा पुन्हा भरला. २०२० मध्ये मुलं गावोगाव परतली, डबा रिकामा झाला, पुन्हा भरायला लागला. मग मुलं म्हणाली, काकू, स्कॅनर लावा.

स्कॅनर लावायला स्मार्टफोन लागतो, पॅन लागतं, खात्याला जोडलेला नंबर लागतो. तिच्याकडे बटणांचा फोन. पॅन कधी काढायची वेळ आली नव्हती. मुलाकडे सगळं होतं. आता दारामागे काचेच्या चौकटीत तो चौकोन लावलेला आहे, शेजारी एक बारकी पेटी आहे, आणि पैसे आले की त्या पेटीतून एक बाई रक्कम सांगते. मी गेलो होतो तेव्हा दोनदा सांगितली. काकू परातीत पीठ मळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘त्याला आले.’ त्यांचा मुलगा वाईट नाही, मागितले की देतो. पण आता मागावे लागतात. शेंगदाणे संपले की मागायचे, तेल संपलं की मागायचं, बहिणीच्या मुलीच्या लग्नात पाचशेचं पाकीट द्यायचं तरी आधी सांगायचं. रोख रकमेच्या काळात ज्या डब्याची किल्ली तिच्याकडे होती, तो डबा आता मुलाच्या खिशात आहे आणि घरभर त्याची दवंडी पिटली जाते. डिजिटल व्यवहारांमुळे पारदर्शकता येते असं म्हणतात. आली आहे. फक्त ती एका बाजूनं दिसणारी काच आहे.

इथे माझं आणि संपादकांचं थोडं वाजलं. त्यांच्या मते यावर उपाय म्हणजे डिजिटल साक्षरतेचं शिबिर. माझ्या मते आधी पॅन, तिच्या नावाचं सिम आणि तिचं चालू खातं, शिबिर मागून. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले तेव्हा आधार जोडलेलं स्वतःचं खातं हवं अशी अट होती, आणि तालुक्याच्या बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. त्या योजनेबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. वर्षानुवर्षं झोपलेली खाती त्या महिन्यांत जागी झाली हे खरं आहे. पुस्तकातल्या दोघींनी त्याच खात्याला पुढे धंद्याचा स्कॅनर जोडला. कोणी शिकवलं, विचारलं तर एकीनं सांगितलं, मुलीनं. दुसरीनं सांगितलं, फायनान्सच्या सरांनी.

महिला आर्थिक विकास महामंडळ, उमेद, त्यांचे गट, ग्रामसंघ, प्रक्रिया उद्योगांसाठीचं पस्तीस टक्के अनुदान, या सगळ्यांचा ऊहापोह पुस्तकात शेवटच्या भागात आहे आणि तो वाचकानं तिथेच वाचावा. गटांनी बायकांना एकत्र बसवलं, सही शिकवली, बँकेच्या आत नेलं. हे काम मोठं आहे. पण गटाचा धंदा आणि एकटीचा धंदा या दोन वेगळ्या जाती आहेत. दहा जणींच्या सहमतीनं मसाला कुटता येतो, भाव मात्र सकाळी सात वाजता दारात उभ्या गिऱ्हाइकाला एकटीनं सांगावा लागतो. ज्या बाईला एकटीनं धंदा करायचा आहे तिला प्रत्येक वेळी गटात ढकलू नये, एवढंच माझं म्हणणं.

हकीकती क्रमानं वाचायला हव्यात असं नाही. मी असतो तर गिरणीवालीपासून सुरुवात केली असती. ती सगळ्यात कमी तक्रार करते आणि सगळ्यात जास्त सांगते. भाषेवर संपादकांनी फार इस्त्री फिरवलेली नाही हे बरं केलं.

मावशीचं राहिलं. अधिवेशनानंतर तीन-चार वर्षांनी काकांनी खरंच तिच्या नावावर जमीन लावली, विहिरीलगतचा तुकडा, एकरभराचा. तो उतारा तिनं लॅमिनेट करून ट्रंकेत ठेवलाय. त्याच्या जोरावर तिनं पुढे शेवयांचं मशीन घेतलं आणि उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांवरचे गहू तिच्याकडे येऊ लागले. आज मशीन तिची सून चालवते, आठ वर्षं झाली. पाटीवर नाव मुलाचं आहे, तो नाशिकला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत पाटी गंजून खाली आली तेव्हा फ्लेक्सवाल्यानं घरी येऊन विचारलं, प्रो. प्रा.मध्ये काय टाकू. सून गप्प. मी मावशीकडे बघितलं. चांदवडला ट्रॉलीतून गेलेली बाई, ट्रंकेत उतारा जपणारी. ती म्हणाली, ‘पोराचंच राहू दे, लोकांना सवय झालीय.’ मग सुनेकडे बघितलं, मग फ्लेक्सवाल्याकडे. नाव मोठं असलं तर पैसे जास्त पडतात का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, नाही मावशी, आम्ही फुटानं घेतो, नाव कितीही मोठं टाका. ‘मग उद्या ये,’ ती म्हणाली.